रिबिन्स्क : व्होल्गेवरचं दाणाबंदर

मशीद बंदरच्या पूर्वेकडे दाणाबंदर म्हणून जो भाग आहे, त्याचं नावच सगळं सांगतं: इथे दाणा उतरायचा. घाऊक धान्यबाजार वाशीला गेला, पण नाव राहिलं, गोदामं राहिली. गोणी, टोळी, मुकादम, हमाली, तोलाई, वाराई हे शब्दही मुंबईच्या बोलण्यात टिकून आहेत. रशियात व्होल्गा नदीवर याच जातीचं एक गाव आहे, रिबिन्स्क. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं. पण १९व्या शतकात सेंट पीटर्सबर्गसारखी राजधानी कोणाच्या पाठीवरून आलेली भाकरी खायची, हे समजून घ्यायचं तर या गावाकडेच जावं लागतं.

गाव मूळचं मासेमारांचं. रशियन भाषेत मासा म्हणजे ‘रिबा’. आधीचं नाव ‘रिब्नाया स्लोबोदा’, म्हणजे मासेमारांची वस्ती, आपल्या भाषेत सरळ कोळीवाडा. स्टर्जन आणि स्टर्लेट हे भारी मासे पकडून झारच्या मुदपाकखान्याला पुरवायचे, ही या वस्तीची बांधिलकी होती. १७७७ मध्ये कॅथरीन दुसरीने वस्तीला शहराचा दर्जा दिला. मासे मात्र तोवर मागे पडले होते. गाव धान्यावर जगू लागलं होतं, आणि त्याचं कारण होतं पाण्याची खोली.

हा मुद्दा नीट पाहू, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. व्होल्गा वायव्येकडच्या टेकड्यांत उगम पावते आणि पुढे वळून खाली कॅस्पियनला जाते. धान्य पिकायचं खालच्या अंगाला, समारा, साराटोव्ह, सिम्बिर्स्क या भागांत, आणि कामा, ओका या उपनद्यांच्या काठी. खाणारी राजधानी मात्र वरच्या अंगाला, तीही व्होल्गेवर नव्हे, तर पार बाल्टिकच्या किनाऱ्यावर. त्यामुळे धान्याला प्रवाहाच्या उलट यावं लागायचं. खालची व्होल्गा खोल, तिच्यावर मोठी गलबतं चालायची. रिबिन्स्कच्या वर नदी उथळ होत जायची आणि उन्हाळ्याच्या अखेरीस वाळूचे दांडे उघडे पडायचे. रिबिन्स्क बरोबर या सांध्यावर वसलं आहे. मोठं गलबत इथवर येणार, पुढे जाणार नाही. माल उतरवा, लहान नावांत भरा, मग पुढे.

पुढे जायला तीन वाटा होत्या आणि तिन्हींसाठी माल इथेच फोडावा लागायचा. पहिली पीटर द ग्रेटच्या काळातली, व्हिश्नी व्होलोचोकची. हिचा कालवा १७०३ ते १७०९ मध्ये खणला आणि पुढे मिखाइल सेर्द्युकोव्हने पाण्याची व्यवस्था सुधारून ती खऱ्या अर्थाने चालती केली. दुसरी १८१० ची मारिइन्स्की वाट: रिबिन्स्कसमोरच व्होल्गेला मिळणाऱ्या शेक्स्ना नदीतून श्वेत सरोवर, मग ओनेगा, स्विर, लादोगा आणि नेवा. तिसरी १८११ ची तिख्विनची, मोलोगा नदीतून जाणारी. पहिल्या वाटेत मोठी खोट होती. म्स्ता नदीवर बोरोविचीजवळ खडकाळ धारा आहेत. तिथून नाव खाली जाते, वर येत नाही. म्हणून नावा एका फेरीपुरत्याच बांधायच्या आणि राजधानीत पोचल्यावर फोडून लाकूड म्हणून विकायच्या. दरवर्षी नव्या नावांसाठी किती जंगल पडत असेल, याचा विचार करा. मारिइन्स्की वाटेने नाव परत येऊ शकायची. हळूहळू तीच मुख्य वाट झाली, त्यामागचं मोठं कारण हेच.

आता आकडे. रशियन वजन ‘पूड’, म्हणजे १६.३८ किलो. खालून येणाऱ्या मोठ्या ‘रासशिवा’ गलबतात २० हजार पुडांच्या घरात माल बसायचा, म्हणजे सुमारे सव्वातीनशे टन. तिख्विनच्या वाटेवरच्या लहान ‘तिख्विन्का’ नावेत जेमतेम २ हजार पूड. म्हणजे एका गलबताचा माल दहा नावांत. धान्याचं पोतं म्हणजे ‘कूल’. लिंडन झाडाच्या अंतरसालीची चटई विणून ते शिवायचे. राय या गव्हासारख्या धान्याच्या पिठाचं (आपली मोहरी नव्हे) एक कूल सुमारे ९ पुडांचं, १४५ किलोच्या आसपास. मुंबईत १०० किलोची गोणी उचलणाऱ्यांच्या पाठीचं काय व्हायचं हे माथाडी घरांतल्या लोकांना सांगायला नको. इथे त्याच्या दीडपट वजन. एका गलबतात अशी सव्वादोन हजार पोती.

ती उतरवायची पद्धत अशी. गलबतापासून धक्क्यापर्यंत लांब फळ्या टाकलेल्या, पायाखाली लवणाऱ्या. हमालाला ‘क्रुच्निक’ म्हणत, म्हणजे आकडेवाला, कारण त्याचं मुख्य हत्यार हातातला लोखंडी आकडा. पाठीवर कातड्याची जाड गादी बांधलेली, तिचा खालचा भाग पुढे आलेला, म्हणजे पोतं त्यावर टेकतं आणि भार कंबरेवर जातो. पोतं उचलून पाठीवर देणारे वेगळे, वाहणारे वेगळे, थप्पी लावणारे वेगळे. पाठीवर पोतं पडलं की क्रुच्निक आकड्याने ते वरून धरायचा आणि फळीवरून झपझप निघायचा. फळीवर रेंगाळणं धोक्याचं. फळी लवून परत उसळते, आणि पाऊल त्या उसळीशी जुळलं नाही तर माणूस पोत्यासकट खाली. म्हणून एका ओळीत जाणाऱ्या सगळ्यांचा ठेका एकच हवा, पावसात ओल्या फळीवर तर अधिकच. टोळीच्या म्होरक्याला ‘बातिर’ म्हणत. आपल्या ‘बहाद्दर’चं आणि या शब्दाचं मूळ एकच. स्टेपच्या, म्हणजे मध्य आशियातल्या गवताळ मैदानांच्या, घोडेस्वारांचा हा शब्द एकीकडे फारसीतून मराठीत आला आणि दुसरीकडे व्होल्गेच्या धक्क्यावर टोळीचा मुकादम होऊन बसला.

गलबत मुळात इथवर आणायचं कुणी? वारा अनुकूल असेल तर शीड. नसेल तर बुर्लाक, म्हणजे दोर ओढणारी माणसं. रिबिन्स्कला बुर्लाकांची राजधानी म्हणायचे. इल्या रेपिनचं ११ बुर्लाकांचं प्रसिद्ध चित्र अनेकांनी पाहिलं असेल. ते समाराच्या बाजूचं दृश्य आहे, पण त्यातला दोर संपायचा तो रिबिन्स्कलाच. काठावरून ओढताना दोर गलबताच्या डोलकाठीला बांधायचे, म्हणजे तो काठावरच्या झुडपांत अडकत नाही. प्रत्येकाच्या छातीवरून एक रुंद पट्टा. पट्ट्याच्या शेपटीला बारीक दोरी आणि तिच्या टोकाला लाकडी गाठोळी. ती मुख्य दोराभोवती फेकून गुंडाळली की आपोआप घट्ट बसते, आणि संकटात एका झटक्यात सुटते. ही सोय जिवाची होती: दोर तुटला किंवा गलबत प्रवाहाने मागे खेचलं गेलं तर पट्ट्यात अडकलेला माणूस पाण्यात जाणार. सगळ्यात पुढे ‘शिश्का’, टोळीचा अनुभवी माणूस. चाल आणि ठेका तो ठरवायचा. सगळ्यात मागे दोघे ‘कोस्नी’. दोर खुंटात, दगडात अडकला की सोडवायचा, हे त्यांचं काम. प्रवाहाविरुद्ध दर हजार पुडांमागे तीन-चार माणसं लागायची. म्हणजे माणशी चार टनांहून जास्त माल, शिवाय गलबताचं वजन वेगळं.

जिथे काठ चालण्यासारखा नाही तिथे नांगराची युक्ती. लहान होडीतून नांगर बराच पुढे नेऊन टाकायचा, आणि गलबतावरच्या माणसांनी दोर धरून पुढून मागे चालायचं. माणूस मागे चालतो, गलबत पुढे सरकतं. तोवर दुसरा नांगर पुढे गेलेला असतो. पुढे याच युक्तीत माणसांच्या जागी घोडे आले: गलबतावर मोठा फिरता खांब, त्याला घोडे जुंपलेले, आपल्याकडच्या तेलघाण्यासारखे गोल फिरणारे. खांबावर दोर गुंडाळला जायचा आणि मागे बांधलेल्या गलबतांची रांग पुढे यायची. शेवटी वाफ आली. शेक्स्नावर तर नदीच्या तळाशी साखळी टाकून ठेवलेली असायची. साखळी-बोट ती पुढून उचलायची, चाकावरून फिरवायची आणि मागे परत तळाशी सोडायची. उथळ, जोरदार प्रवाहात पंख्याच्या बोटीपेक्षा हे जास्त भरवशाचं, कारण इथे पाण्याला नव्हे, लोखंडाला धरून पुढे जायचं असतं.

बुर्लाकांची भरती हिवाळ्यात व्हायची. उचल दिली जायची, आणि बहुधा ती गावातल्या करात आणि जमीनदाराच्या देण्यात संपायची. टोळीची जबाबदारी सामाईक: एक पळाला तर त्याचा भार बाकीच्यांवर. उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्यांचा हिशोब ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही गाठ ओळखीची वाटेल. हंगाम संपला तरी काहींकडे घरी जाण्याएवढेही पैसे उरायचे नाहीत. ते तिथेच थंडीत कुडकुडत राहायचे. अशांना ‘झिमोगोर’ म्हणत. एरवी काही हजार वस्तीच्या गावात हंगामात माणसांचा आकडा लाखाकडे जायचा. नावा इतक्या दाटीने लागायच्या की त्यांच्यावरूनच व्होल्गा ओलांडता येते, असं लोक सांगायचे.

माल खराब व्हायचा तो बहुतेक पाण्याने. वाळूच्या दांड्यावर गलबत टेकलं की थोडा माल ‘पाउझोक’ नावाच्या हलक्या होडीत काढायचा, गलबत तरंगू लागलं की पुढे सरकवायचं, मग माल परत भरायचा. दर फेरफारीत पोती फाटायची, भिजायची. पिठाचं पोतं भिजलं तर बाहेरून दोन बोटं खरपुडी धरते आणि आतलं पीठ पुष्कळदा वाचतं. अख्ख्या दाण्याचं तसं नाही. ओला दाणा श्वास घेत राहतो, तापतो, कोंदट वास धरतो, कोंब काढतो, आणि थप्पीत एक पोतं तापलं की शेजारची चार घेऊन जातो. म्हणून गलबतावर ‘वोदोलिव’ नावाचा माणूस असायचा. शब्दाचा अर्थ पाणी उपसणारा. प्रत्यक्षात तो सुतार, कोठारवाला आणि मालाचा जामीन असे तिन्ही होता. फळ्यांच्या फटी बुजवणं त्याचं काम, आणि माल भिजला तर उत्तर त्यानेच द्यायचं.

खरेदीदार दाण्याची परीक्षा कशी करायचा? आपल्याकडे आडत्या परखी मारून गोणीतला नमुना काढतो, तळहातावर घेतो, दाताखाली धरून बघतो. रशियन बाजारात नजरेबरोबर वजनही चालायचं. ‘पुर्का’ नावाचं साधन होतं: ठरावीक मापाचं भांडं दाण्याने काठोकाठ भरायचं, वरून फळीने सपाट करायचं आणि तोलायचं. त्यावरून एका ‘चेत्वेर्त’चं, म्हणजे सुमारे २१० लिटर मापाचं वजन काढायचे. भरलेला, सुका दाणा जड. पोचट, किडका दाणा हलका. ओला दाणा फुगतो आणि त्याच मापात कमी मावतो, म्हणून वजन वाढवायला पाणी मारणाऱ्याची लबाडी इथे पकडली जायची. गव्हाचं हेक्टोलिटर वजन, म्हणजे शंभर लिटर मापाचं वजन, आज आपल्या प्रयोगशाळांत काढतात, तो याच विचाराचा पुढचा टप्पा.

गावात व्यापारासाठी खास इमारत १८११ ची आहे, नदीकाठी, खांबांची, पिवळी. रीतसर धान्यबाजार म्हणून एक्स्चेंज मात्र १८४२ मध्ये आलं. व्यापाऱ्यांना चहाच्या खानावळीत, समोवारशेजारी (चहाचं पाणी तापवायच्या भांड्याशेजारी) बसून सौदा करणं जास्त पसंत होतं. मला यात नवल वाटत नाही. भाव ठरतो तो माणसांच्या ओळखीवर आणि वरच्या पाण्याची बातमी कुणाला आधी कळते यावर, आणि या दोन्ही गोष्टी खानावळीत आधी पोचतात. नदीचं पाणी कमी म्हणजे नावा अर्ध्याच भरणार, फेऱ्या वाढणार, भाडं चढणार, राजधानीत पिठाचा भाव वर जाणार. उशिरा आलेला माल बर्फापूर्वी पुढे निघाला नाही तर तो हिवाळाभर रिबिन्स्कच्या गोदामात. गोदामाचं भाडं, उधारीवरचं व्याज, उंदीर, राखणदार, सगळं त्या पोत्यावर चढायचं. व्यापाऱ्याला जी अडचण, ती गावाची कमाई.

ही अडचण १८७० मध्ये रेल्वेने निम्मी सोडवली. रिबिन्स्क ते बोलोगोये सुमारे ३०० किलोमीटरचा लोहमार्ग झाला आणि तिथे तो मॉस्को–पीटर्सबर्ग लाइनला मिळाला. कालव्यांतून कित्येक आठवडे लागायचे, ते काम काही दिवसांत, आणि बर्फातही. सुरुवातीला याने रिबिन्स्कचं भलंच झालं, कारण गलबतातून वॅगनमध्ये माल चढवायला जागा हीच. खरा फटका नंतर बसला. खालच्या व्होल्गेच्या गावांतून थेट बाल्टिकच्या आणि काळ्या समुद्राच्या बंदरांकडे लोहमार्ग गेले. मग धान्य नदीने इतकं वर आणायचंच कशाला? १९१२ मध्ये जुन्या एक्स्चेंजशेजारी रंगीत चकचकीत टाइल्सची नवी, देखणी इमारत उभी राहिली, आणि तोवर या व्यापाराची दिशा बदलली होती. आज त्या इमारतीत शहराचं संग्रहालय आहे.

पुढचा अध्याय कारखान्यांचा. १९१६ मध्ये ‘रशियन रेनॉ’ मोटार कारखान्याची पायाभरणी झाली. क्रांतीनंतर त्याच आवारात विमानांची इंजिनं बनू लागली. १९४१ मध्ये जर्मन सैन्य जवळ आलं तेव्हा यंत्रं आणि कामगार उरलकडे, उफाला हलवले. युद्धानंतर कारखाना पुन्हा उभा राहिला. आज तो ‘सॅटर्न’ म्हणून ओळखला जातो. आपल्या हवाई दलाच्या इल्युशिन-७६ ‘गजराज’ विमानांची डी-३० केपी इंजिनं याच गावात घडली आहेत.

आणि रिबिन्स्कजवळचं धरण. १९३५ मध्ये निर्णय झाला, कैद्यांच्या छावणीतल्या माणसांनी ते बांधलं, आणि १३ एप्रिल १९४१ ला पाणी अडवायला सुरुवात झाली. आधीच्या आराखड्यात पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ९८ मीटर होती, ती वाढवून १०२ केली. जास्त वीज आणि जास्त खोली मिळणार होती. या चार मीटरांत मोलोगा नदीकाठचं मोलोगा हे अख्खं शहर गेलं, कारण ते ९८ च्या किंचित वर वसलेलं होतं. सुमारे १ लाख ३० हजार माणसं उठवली गेली. ४,५८० चौरस किलोमीटरचा जलाशय झाला. नोव्हेंबर १९४१ मध्ये पहिलं जनित्र सुरू होऊन मॉस्कोला वीज मिळाली हे खरं, आणि ती त्या हिवाळ्यात फार मोलाची होती. पण शेतं, कुरणं, देवळं, स्मशानं सगळी पाण्याखाली गेली, हेही तितकंच खरं. २०१४ च्या उन्हाळ्यात पाणी फार उतरलं तेव्हा मोलोगाचे पाये उघडे पडले. उजनीचं पाणी ओसरल्यावर पळसदेवचं देऊळ वर येतं तेव्हा काठावर उभी राहणारी माणसं आठवा.

या धरणाने रिबिन्स्कच्या जन्माचं कारणच पुसलं. खोल व्होल्गा आणि उथळ व्होल्गा यांचा सांधा राहिला नाही, वर समुद्रासारखं पाणी पसरलं. १९६४ मध्ये जुन्या मारिइन्स्की वाटेच्या जागी व्होल्गा–बाल्टिक जलमार्ग खुला झाला. आता हजारो टनांचं मालवाहू जहाज लॉकमध्ये, म्हणजे दोन दरवाज्यांमधल्या पाण्याच्या हौदात, शिरतं, दरवाजे बंद होतात, पाणी चढतं आणि जहाज पुढे जातं. एक गोणी उतरत नाही. शहराची नावंही या काळात बदलत राहिली: १९४६ ला श्चेरबाकोव्ह, १९५७ ला परत रिबिन्स्क, १९८४ ला आंद्रोपोव्ह, १९८९ ला पुन्हा रिबिन्स्क. सोव्हिएत काळाच्या अखेरीस अडीच लाखांच्या घरात असलेली वस्ती आता पावणेदोन लाखांच्या आसपास आहे. अलीकडे जुन्या पेठेतल्या दुकानांवर क्रांतीपूर्व वळणाच्या अक्षरांच्या पाट्या लावल्या आहेत आणि पर्यटक त्या पाहायला येतात. पाट्या सुंदर आहेत. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो १९७७ मध्ये नदीकाठी बसवलेला बुर्लाकाचा पुतळा. दमून बसलेला, कुणी सेनापती नाही, राजा नाही. मुंबईच्या धक्क्यांवर असा एक पुतळा हवा होता.

उथळपणाची अडचण मात्र संपली नाही, जागा बदलली. आज ती खाली निझनी नोवगोरोदच्या वर, गोरोदेत्सजवळ आहे. बाकीच्या जलमार्गावर चार मीटरच्या आसपास खोली धरलेली असते. इथे ती तीन मीटरही मिळत नाही, कारण वरच्या धरणाखाली नदीचा तळ खरवडत गेला आणि पातळी खाली बसली. मोठी जहाजं अर्धवट भरून येतात आणि नांगर टाकून थांबतात. धरणातून दिवसातले काही तास जादा पाणी सोडतात, तेवढ्यात एकामागून एक सुटतात. पूर्वी आपले पडाव भरतीची वाट बघत उभे राहायचे, तसे.